पुवाचा हिरवा रंग वेळेआधी दिसला तर

जखमेतला पू हिरवट का दिसतो? बहुतेक जण म्हणतील, जंतूंमुळे. काही वेळा ते खरंही असतं. सूडोमोनास नावाचा जंतू स्वतःच निळसर-हिरवं रंगद्रव्य सोडतो. पण नेहमीच्या पुवाचा तो मळकट, पिवळट-हिरवा रंग जंतूंचा नसतो, आपलाच असतो. जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवं एन्झाइम ठासून भरलेलं असतं. त्या पेशी लढून लाखोंनी मेल्या की त्यांचा हिरवेपणा पुवात उतरतो. १९४१ साली क्येल आग्नर या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे एन्झाइम वेगळं काढलं आणि त्याला वर्डोपेरॉक्सिडेज असं नाव दिलं. त्यातल्या 'वर्डो'चा अर्थच हिरवं. आज त्याला मायलोपेरॉक्सिडेज म्हणतात.

म्हणजे एन्झाइम पाहून जंतुसंसर्ग ओळखणं माणसाला नवं नाही. पू पाहून मान हलवणाऱ्या प्रत्येकाने नकळत तेच केलं आहे. पण हे एन्झाइम नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकं साठतं, तोवर जखम चिघळलेली असते. म्हणून गेल्या वीसेक वर्षांत जगभरच्या काही प्रयोगशाळा एका प्रश्नाच्या मागे लागल्या आहेत. हेच एन्झाइम आणि त्याच्या जोडीची आणखी काही, पू व्हायच्या आधी, जखमेतून नुसती पातळ लस पाझरत असतानाच ओळखता येतील का? आणि त्यासाठी नमुना कुठे पाठवायला न लागता, जखमेवर बांधलेल्या पट्टीनेच ते सांगितलं तर?

यातलं रसायनशास्त्र वरवर अवघड वाटतं, पण मुळातली कल्पना कात्री आणि दोऱ्याइतकी सोपी आहे. तिच्याकडे वळण्याआधी आज आपण जखम कशी पारखतो, ते पाहायला हवं. या पट्टीची गरज तिथूनच कळते.

ड्रेसिंग सोडल्यावर काय दिसतं

पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, गरमपणा आणि दुखणं. दोन हजार वर्षं होत आली, तरी ड्रेसिंग सोडल्यावर परिचारिका आणि डॉक्टर आधी हेच पाहतात. त्यात वास आणि पू यांची भर पडते एवढंच. या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. रोज जखमा हाताळणाऱ्या परिचारिकेला जखमेची कड नुसती बघून जे कळतं, ते भल्या भल्या यंत्रांना कळत नाही.

पण ही लक्षणं काही ठिकाणी दगा देतात. एक तर ताजी जखम भरायला लागते तेव्हाही पहिले काही दिवस ती लाल, सुजलेली आणि ऊनच असते. भरून येण्याची ती पहिली पायरीच आहे. टाके घातल्यावर तिसऱ्या दिवशीची लाली बरं होण्याची की बिघडण्याची, हे ठरवणं अनुभवी माणसालाही जड जातं. दुसरं म्हणजे, काही शरीरं ही लक्षणं दाखवतच नाहीत. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर ठणका लागत नाही. रक्तपुरवठा मंदावला असेल तर पुरेशी लाली येत नाही. केमोथेरपी चालू असेल किंवा स्टेरॉइड घेतली जात असतील, तर दाहच दबून जातो. आणि लाली हे लक्षण मुळात गोऱ्या कातडीवर लिहिलं गेलं. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती जांभळट, करडी दिसते किंवा दिसतच नाही. ज्यांना लवकर कळण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याच जखमा सर्वांत कमी बोलतात. मला या विषयात सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

शिवाय जखम बघायची तर ड्रेसिंग सोडावं लागतं. जखम ओलसर ठेवली तर तिच्यावर नवी त्वचा लवकर धरते, हे १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. तेव्हापासून जखम झाकून, ओलसर, शांत ठेवण्याकडे कल आहे. दर वेळी पट्टी उचलली की जखम गार पडते, कोवळा थर खरवडला जातो, बाहेरचे जंतू आत यायला वाट मिळते. भाजलेल्या लहान मुलाचं ड्रेसिंग बदलताना ज्यांनी त्याला धरून ठेवलंय, त्यांना 'फक्त एकदा उघडून बघू' या वाक्याची किंमत सांगायला नको.

मग स्वॅब घेऊन कल्चरला पाठवायचं? कल्चरमध्ये जंतू वाढवावे लागतात आणि त्यांना वेळ लागतो. एक ते तीन दिवस सहज जातात. जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणतं औषध चालेल, हे कल्चर उत्तम सांगतं. पण आपल्याला हवा असलेला पहिला प्रश्न ते विचारतच नाही.

'जंतू आहेत का?' हा प्रश्नच चुकतो

उघड्या जखमेत जंतू असतातच. त्वचा फाटली की काही तासांत आजूबाजूचे जंतू तिथे मुक्काम ठोकतात. बहुतेक जखमा त्यांच्यासकट भरून येतात. म्हणून स्वॅबमध्ये जंतू सापडले म्हणजे संसर्ग झाला, असं नसतं. ज्या जखमेला काही झालेलं नाही तिचं उगाच कल्चर करू नये असं जाणकार सांगतात, ते यासाठीच. अहवालात जंतूचं नाव आलं की अँटिबायोटिक लिहून देण्याचा मोह होतो, आणि विनाकारण दिलेलं प्रत्येक अँटिबायोटिक पुढच्या खऱ्या संसर्गाला थोडं अधिक चिवट करतं.

जखमांचा अभ्यास करणारे आज याकडे एका चढणीसारखं पाहतात. आधी जंतू नुसते येतात. मग वाढतात, पण त्रास देत नाहीत. मग कुठेतरी पारडं झुकतं: जंतू ऊतीत शिरतात आणि शरीर लढायला उठतं, पण वरून अजून काही दिसत नाही. या टप्प्याला छुपा स्थानिक संसर्ग म्हणता येईल. यानंतर लाली, पू, ठणका येतो. पुढे संसर्ग आजूबाजूला पसरतो आणि शेवटी रक्तात उतरतो. डोळ्यांनी पाहणारा माणूस या चढणीवर फार वर गेल्यावर सावध होतो. खालच्या टप्प्यावर, पारडं झुकतंय तेव्हाच कळलं तर बऱ्याचदा जखम नीट धुणं, मेलेली कातडी काढणं, योग्य मलम लावणं एवढ्यावर भागू शकतं.

म्हणजे खरा प्रश्न असा: लढाई पेटली आहे का? आणि लढाईची खबर देतात ती एन्झाइमं.

सैनिकांची हत्यारं

जखमेत धोका जाणवला की सर्वांत आधी पोचणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. आपल्या अस्थिमज्जेत रोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. त्यांचं आयुष्य थोडकं असतं, पण ते हत्यारबंद असतात. त्यांच्या पोटातल्या बारीक पुरचुंड्यांमध्ये एन्झाइमं भरलेली असतात. शाळेच्या पुस्तकात यांना विकरं म्हणायचे. एन्झाइम म्हणजे एखादं ठरावीक रासायनिक काम झपाट्याने करणारं प्रथिन. ते काम करताना स्वतः खर्ची पडत नाही. एक काम झालं की दुसऱ्याला भिडतं. हा गुण लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत त्यावर उभी आहे.

न्यूट्रोफिलच्या भात्यातली तीन हत्यारं आपल्या कामाची आहेत. पहिलं, लायसोझाइम. हे जंतूंच्या कवचातल्या साखरेच्या साखळ्या कापतं. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी याची माहिती प्रसिद्ध केली. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर सहा वर्षांनी लागला. अश्रू, लाळ, नाकातला शेंबूड, सगळीकडे ते असतं. दुसरं इलास्टेज. हे प्रथिनं कापतं, जंतूंचीही आणि आवरलं नाही तर आपलीही. तिसरं ते सुरुवातीचं हिरवं मायलोपेरॉक्सिडेज. ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मिठातला क्लोराइड यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. कपड्यांच्या ब्लीचमध्ये जंतू मारणारं रसायन तेच. आपलं शरीर संसर्गाच्या जागी अक्षरशः ब्लीच तयार करतं.

जखमेत संसर्ग पेटला की ही तिन्ही एन्झाइमं पाझरात वाढतात. जंतू मोजत बसण्यापेक्षा हे मोजणं का बरं, ते आता कळेल. जंतू मोजले तर गर्दी किती तेवढं समजतं. हत्यारं किती उपसली गेली आहेत यावरून मात्र शरीराने त्या गर्दीला शत्रू मानलं आहे का, ते समजतं.

इथे एक बारकावा आहे. त्यावाचून या सगळ्या पट्ट्यांचा मुद्दा हातून निसटतो. एन्झाइम असणं वेगळं आणि ते काम करत असणं वेगळं. इलास्टेजसारखं हत्यार मोकाट सुटू नये म्हणून रक्तात त्याला पकडणारं एक प्रथिन फिरत असतं, अल्फा-१-अँटिट्रिप्सिन. ते इलास्टेजला घट्ट धरून निकामी करतं. निरोगीपणे भरणाऱ्या जखमेत इलास्टेज येतं, पण बहुतेक जेरबंद होतं. बिघडणाऱ्या जखमेत इतकं येतं की पकडणारे कमी पडतात, आणि मोकळं, धारदार इलास्टेज उरतं. नुसतं इलास्टेजचं प्रमाण मोजणारी चाचणी जेरबंद आणि मोकळं असं सगळं एकत्र मोजू शकते. पण समोर आमिष ठेवून 'काप बघू' असं म्हटलं, तर फक्त मोकळं इलास्टेजच कापेल. आपल्याला नेमकं तेच हवं.

आमिष, कात्री आणि रंग

आता कात्री आणि दोरा. अशी कल्पना करा की रंगाचा एक कण दोऱ्याने खुंटीला बांधून ठेवला आहे. तो दोरा असा निवडला आहे की एकच विशिष्ट कात्री तो कापू शकते. कात्री आली, दोरा तुटला, रंग सुटला किंवा बदलला. खुंटी म्हणजे पट्टीचं कापड किंवा मऊ जेल, दोरा म्हणजे आमिष रेणू, आणि कात्री म्हणजे एन्झाइम. एन्झाइम ओळखणाऱ्या बहुतेक पदार्थांमागे हीच कल्पना आहे.

आणि इथे तो मघाचा गुण कामाला येतो. एक कात्री एकच दोरा कापून थांबत नाही. ती कापतच राहते. म्हणून पाझरात एन्झाइम अगदी थोडं असलं तरी काही वेळात पुष्कळ रंग सुटतो. बारीकशी कुजबुज मोठी करून ऐकवणारं हे यंत्र एन्झाइम स्वतःच आहे, त्याला वेगळी वीज किंवा बॅटरी लागत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या पुवाची वाट का पाहावी लागत नाही, याचं उत्तर या वाढवण्यात आहे.

इलास्टेजचं आमिष सर्वांत सुबक आहे. ॲलानिन, ॲलानिन, प्रोलिन, व्हॅलिन या चार अमिनो आम्लांची माळ इलास्टेजला फार आवडते. व्हॅलिनच्या पुढे असा रंगकण जोडायचा की जो बांधलेला असताना रंगहीन आणि सुटल्यावर पिवळा असतो. किंवा सुटल्यावर अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. प्रयोगशाळेत इलास्टेज मोजायला ही युक्ती आधीपासून वापरतात. नवी गोष्ट ही की ती माळ कापडात विणायची. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लीन्स इथल्या प्रयोगशाळेत कापसाच्या तंतूंवर अशा माळा जोडण्याचं काम बरीच वर्षं चाललं आहे. कृषी खात्याचा जखमांशी काय संबंध, असं वाटेल. पण ती प्रयोगशाळा कापसाची आहे, आणि जखमेवर सर्वांत जास्त जे बांधलं जातं ते कापूसच.

लायसोझाइमसाठी आमिष म्हणून कायटोसान वापरता येतं. खेकडे-कोळंबीच्या कवचातल्या कायटिनपासून ते बनतं. जंतूंच्या कवचातल्या साखळीशी त्याची ठेवण मिळतीजुळती असल्यामुळे लायसोझाइम त्यालाही कापतं. त्यात रंग अडकवून पातळ थर केला, की लायसोझाइम आल्यावर थर विरघळायला लागतो आणि रंग मोकळा होतो. ऑस्ट्रियात गेओर्ग ग्युबित्झ यांच्या गटाने लायसोझाइम, इलास्टेज आणि मायलोपेरॉक्सिडेज या तिघांसाठीही अशी आमिषं तयार करून पाहिली. तिसऱ्याची रीत जरा निराळी आहे. ते काही कापत नाही. ते रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि रंग थेट पालटतो.

जर्मनीतल्या झीगन विद्यापीठात होल्गर श्योनहेर यांच्या गटाने कायटोसानचं जेल वेगळ्या कामाला लावलं. तिथे जेल स्वतः तुटत नाही, ते फक्त आमिषाला धरून ठेवतं. पाझर जेलमध्ये शिरतो, एन्झाइम आमिष तोडतं, आणि जेल चमकायला लागतं. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. रंग जखमेत सांडत नाही, जागच्या जागी राहतो. उघड्या जखमेत काय मिसळू द्यायचं याचा विचार आधी करावा लागतो, मागाहून नाही.

जंतूंचीही हत्यारं असतात

आतापर्यंत आपल्याच बाजूची एन्झाइमं पाहिली. पण जंतूही रिकाम्या हाताने येत नाहीत. ऊतीत वाट काढायला ते स्वतःची एन्झाइमं आणि विषं सोडतात. ती ओळखली तर लढाई पेटली एवढंच नाही, समोर कोण आहे याचाही अंदाज येतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जखमांतला फार जुना खलनायक. त्याचं हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम आपल्या पेशींच्या मधला हायलुरोनिक आम्लाचा चिकट भराव फोडून रस्ता करतं. जर्मनीत मायन्झच्या माक्स प्लांक संस्थेत काथारिना लांडफेस्टर यांच्या गटाने ही गोष्ट त्याच्यावरच उलटवली. हायलुरोनिक आम्लाच्याच अतिसूक्ष्म कुप्या केल्या आणि त्यांत जंतुनाशक भरलं. जंतूने आपलं एन्झाइम सोडलं की कुपी फुटते आणि जंतुनाशक त्याच्याच अंगावर येतं. इथे ओळख आणि उपचार एकाच घटनेत होतात. जंतू नसेल तर औषधही बाहेर पडत नाही.

इ. कोलाय या आतड्यातल्या जंतूकडे बीटा-ग्लुक्युरोनिडेज असतं. त्याने आमिष तोडलं की निळी चमक येते. पाण्यात इ. कोलाय आहे का हे तपासायला ही युक्ती कधीपासून वापरात आहे, आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेत हा जंतू येऊ शकतो. पण त्याच्या काही जाती हे एन्झाइम दाखवत नाहीत. म्हणून चमक आली नाही याचा अर्थ जंतू नाही, असा काढता येत नाही.

आणखी एक जुनं रसायन इथे आठवतं. पेनिसिलिनसारखी औषधं निकामी करणारं जंतूंचं एन्झाइम म्हणजे बीटा-लॅक्टमेज. १९७२ साली ग्लॅक्सो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी नायट्रोसेफिन हे रसायन पुढे आणलं. मूळचं पिवळं, पण बीटा-लॅक्टमेजने तोडताच लाल होणारं. म्हणजे जंतूच्या हातात औषध तोडणारी कात्री आहे की नाही, हे काही मिनिटांत रंगाने कळतं. अशी आमिषं पट्टीत बसवता आली तर 'संसर्ग आहे' याच्या पुढे जाऊन 'हे साधं औषध इथे चालायचं नाही' एवढंही कळू शकेल.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात टोबी जेन्किन्स यांच्या गटाने केलेलं काम या सगळ्याचं सख्खं भावंड आहे. त्यांनी मेदाच्या पडद्याचे बारीक फुगे केले आणि त्यांत चमकणारा रंग इतका दाटीने भरला की तो चमकूच शकत नाही. रंगाचे कण फार जवळ आले की एकमेकांचा प्रकाश विझवतात. घातक जंतूंची विषं आणि एन्झाइमं पेशींचे पडदे फोडतात तसे हे फुगेही फोडतात. रंग बाहेर पसरतो, पातळ होतो आणि अतिनील दिव्याखाली हिरवा लखलखतो. त्वचेवर गुमान राहणारे जंतू असली विषं सोडत नाहीत, म्हणून त्यांना फुगा दाद देत नाही. हे काम त्यांनी भाजलेल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलं. भाजलेल्या मुलाला ताप आला की तो संसर्गाचा की नुसत्या भाजण्याचा, हे ठरवता येत नाही, आणि खबरदारी म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. पट्टी न सोडता दिवा मारून पाहता आलं, तर त्या मुलाचा एक छळ वाचेल.

मग या पट्ट्या सगळीकडे का नाहीत?

कारण जखम म्हणजे परीक्षानळी नाही. प्रयोगशाळेत स्वच्छ द्रावणात एन्झाइम टाकलं की रंग सुंदर बदलतो. जखमेच्या पाझरात रक्त असतं, प्रथिनं असतात, मेलेल्या पेशी असतात, आदल्या दिवशीचं मलम असतं. रक्तच घ्या. एक तर त्याचा लाल रंग बाकी सगळे रंग गिळतो. वर हिमोग्लोबिन स्वतः थोडंफार पेरॉक्सिडेजसारखं वागतं, त्यामुळे मायलोपेरॉक्सिडेजचं आमिष त्याला फसू शकतं. म्हणून रंग निवडतानाही लाल-तपकिरीपासून दूर जावं लागतं. निळा किंवा हिरवा बरा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. न्यूट्रोफिल फक्त जंतूंसाठी धावत नाहीत. नुसत्या इजेलाही येतात. महिनोन् महिने न भरणाऱ्या पायाच्या जखमेत संसर्ग नसतानाही इलास्टेज चढलेलं असू शकतं, आणि ते चढलेलं आहे म्हणूनच ती भरत नसते. अशी वाढलेली प्रथिनभंजक एन्झाइमं स्वॅबवरून १५ मिनिटांत दाखवणारी वूंडचेक नावाची चाचणी बाजारात आलीही. पण तिचं उत्तर 'ही जखम अडून बसली आहे का' या प्रश्नाचं आहे, 'संसर्ग आहे का' याचं नव्हे. उलट, ज्याच्या रक्तात न्यूट्रोफिलच घटले आहेत, त्याच्या जखमेत संसर्ग फोफावला तरी पट्टी गप्प बसेल. म्हणून एका एन्झाइमवर विसंबायचं नाही, हे आता या क्षेत्रात बहुतेकांना पटलं आहे. आपल्या बाजूची दोन-तीन आणि जंतूंच्या बाजूचं एखादं, असं एकत्र वाचलं तर चित्र स्पष्ट होतं.

तिसरी गोष्ट वेळेची. पट्टी दोन-तीन दिवस जखमेवर राहते आणि कात्री सतत कापत असते. एन्झाइम थोडं असलं तरी पुरेसा वेळ मिळाल्यावर रंग बदलेलच. म्हणजे 'रंग बदलला' याला एकट्याला अर्थ नाही. 'किती वेळात बदलला' याला अर्थ आहे. हा उंबरठा कुठे ठेवायचा, हा या विषयातला सर्वांत कठीण भाग असं मला वाटतं. फार खाली ठेवला तर निरोगी जखमांचीही घंटा वाजेल, लोक घाबरतील, अँटिबायोटिकं वाढतील. फार वर ठेवला तर पू दिसण्याच्या दिवशीच पट्टी जागी होईल, आणि मग तिचा उपयोग काय?

बाकी अडचणी कारागिरीच्या आहेत, पण क्षुल्लक नाहीत. निर्जंतुक करताना आमिष टिकलं पाहिजे. महिनोन् महिने पाकिटात राहूनही ते आपोआप तुटता कामा नये. एन्झाइम हा मोठा रेणू, त्यामुळे जेलची जाळी इतकी घट्ट नको की तो आत शिरूच शकणार नाही.

या पट्ट्यांच्या जवळचा आणखी एक मार्ग आधीच दवाखान्यांत पोचला आहे. जंतूंमधली पॉर्फिरिन नावाची द्रव्यं जांभळ्या प्रकाशात लाल चमकतात. तो प्रकाश टाकून हातातल्या कॅमेऱ्याने जखमेतली जंतूंची वस्ती दिसते. पण त्यासाठी जखम उघडावी लागते, आणि उत्तर पुन्हा जंतू किती याचंच मिळतं.

रंग बदलला, पुढे काय

समजा अशी पट्टी हाती आली आणि एका सकाळी तिचा कोपरा निळा झाला. म्हणून लगेच गोळ्या सुरू करायच्या नाहीत. त्याचा अर्थ, आज जखम उघडून नीट पाहायची, धुवायची, मृत भाग काढायचा आणि वाटलं तर आता स्वॅब घ्यायचा. आता तो घेण्यात अर्थ आहे, कारण विचारायला प्रश्न आहे. आणि निळा झाला नाही, पण ताप चढला किंवा ठणका वाढला, तर पट्टीचं न ऐकता माणसाचं ऐकायचं. मी स्वतः अशी पट्टी कुणाला बांधली जाण्याची वाट पाहतो आहे, तरी हा क्रम उलटा झालेला मला चालणार नाही.

तोवर घरी एक साधा उपाय करता येतो, आणि डॉक्टरही तो करतात. जखमेभोवती लाली असेल तर तिच्या कडेने पेनाने कातडीवर रेघ ओढायची आणि शेजारी तारीख-वेळ लिहायची. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, जखमेपासून वर जाणारी लाल रेष उमटली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, घाण वास आला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. मधुमेह असेल किंवा त्वचा सावळी असेल तर लालीची वाट पाहू नका. जखम पायावर असेल तर हाताच्या पाठीने दोन्ही पाय चाचपून बघा. एक दुसऱ्यापेक्षा ऊन लागला, घट्ट वाटला, किंवा कालपेक्षा आज ड्रेसिंग जास्त ओलं झालं, तर तेवढं कारण दाखवायला जाण्यासाठी पुरेसं आहे.